अठ्ठावन्न आणि अडतीस

३१ मे ही आमच्याकडे शाल-श्रीफळाची तारीख. जुन्या गुरुजींनी पोरांची नावं शाळेत घालताना जन्मतारीख सरसकट १ जून लिहून टाकली, आणि महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला सरकारी माणूस आदल्या दिवशीच निवृत्त होतो. म्हणून ऐन आंब्याच्या दिवसांत सेवापूर्तीचे समारंभ. यंदा कणकवलीपासून तासाभरावरच्या एका शाळेत गेलो होतो. दोन खोल्या, कौलारू पडवी, पटावर नऊ पोरं. निरोप घेणारे गुरुजी तिथे अकरा वर्षं होते. पावसाळ्यात व्हाळाला पाणी आलं की पोरांना एकेक करून पलीकडे पोचवायचे, मग स्वतः घरी जायचे.

भाषणं झाली. शेवटच्या बाकावर त्यांचीच एक जुनी विद्यार्थिनी बसली होती, डीएड झालेली. गुरुजी तिला म्हणाले, ‘‘बाय, आता तुमचो नंबर.’’ ती उठून त्यांच्या पाया पडली आणि म्हणाली, ‘‘गुरुजी, तुमी उठलास. पण तुमच्या जाग्यार कोण येतलो ता अजून ठराक नाय.’’

सगळे गप्प झाले. मी तेव्हापासून त्या एका वाक्यावर अडलो आहे.

वयस्कांनी तरुणांसाठी जागा सोडावी का, असं विचारलं की आपल्याकडे लगेच घरातलं भांडण सुरू होतं. एक म्हणतो, अनुभव फुकट घालवता. दुसरा म्हणतो, किती दिवस अडवून बसणार? माझं मत सरळ आहे. सरकारी जागा असेल तर सोडावी, अठ्ठावन्नाव्या वर्षी सोडावी, आणि पुन्हा त्याच दारातून आत येऊ नये. ती जागा लोकांच्या पैशाची आहे. कुणाच्या सातबारावर ती चढलेली नाही.

राजपत्रित अधिकाऱ्यांचा महासंघ कित्येक वर्षं मागतो आहे की निवृत्तीचं वय साठ करा. केंद्राने १९९८ मध्ये केलं, बऱ्याच राज्यांनी केलं, मग महाराष्ट्राने का नको? मागणी बिनबुडाची नाही. माणसं आता साठीतही धडधाकट असतात, पोरांची शिक्षणं लांबतात, घराचे हप्ते उरलेले असतात. पण वय दोन वर्षांनी वाढलं की तेवढा काळ नियत वयोमानाने जवळजवळ कुणीच उठत नाही, आणि तेवढ्या जागाही सुटत नाहीत. खुल्या गटातल्या उमेदवाराला सरकारी भरतीत अर्ज करायची वयाची अट अडतीस, मागासवर्गीयांना त्रेचाळीस. म्हणजे तरुणालाही निवृत्तीचं वय आहे. अठ्ठावन्नाला निवृत्त होणाऱ्याला शाल मिळते, पेन्शनची कागदपत्रं मिळतात. अडतीसला बाद होणाऱ्याला कुणी नारळही देत नाही. त्या दिवशी काय संपलं हे त्याच्या घरच्यांनाच कळतं.

शिक्षकभरतीची अभियोग्यता चाचणी पहिल्यांदा डिसेंबर २०१७ मध्ये झाली. दुसरी थेट फेब्रुवारी २०२३ मध्ये. मधे पाच वर्षं निघून गेली. पहिल्या वेळी तेहतीस वर्षांचा असलेला पोरगा दुसरीपर्यंत अडतीसला टेकला. त्याने काय चुकवलं?

आणि त्याच २०२३ च्या जुलैत शासनाने जिल्हा परिषद शाळांच्या रिकाम्या जागांवर निवृत्त शिक्षकांना कंत्राटी नेमायचा आदेश काढला. मानधन महिना वीस हजार, वयाची कमाल मर्यादा सत्तर. ज्यांचं पेन्शन चालू आहे त्यांना वीस हजार. आणि नव्याने लागणाऱ्या प्राथमिक शिक्षण सेवकाचं मानधन? कित्येक वर्षं सहा हजार होतं, त्याच वर्षी ते वाढवून सोळा हजार केलं. तेही पहिली तीन वर्षं. नियमित भरती होईपर्यंतची सोय, असं कारण दिलं गेलं. सोय कुणाची झाली हे जिल्ह्याच्या मुख्यालयी, ओरोसला उपोषणाला बसणाऱ्या डीएडच्या पोरांना विचारा. त्यांची रड जुनी आहे: बाहेरच्या जिल्ह्यातून शिक्षक येतात, आंतरजिल्हा बदली मिळाली की निघून जातात, शाळा पुन्हा ओस, आणि गावातली शिकलेली मुलगी दुकानाच्या गल्ल्यावर.

एसटीचंही तेच. सिंधुदुर्ग विभागाचं कार्यालय कणकवलीत आहे, त्यामुळे २०२१-२२ चा संप आम्ही दारातून पाहिला. गाड्या उभ्या राहिल्या तेव्हा महामंडळाने निवृत्त चालकांना कंत्राटावर बोलावलं. अडीनडीला कुणी स्टिअरिंग धरलं तर मी त्याला दोष देणार नाही. रोग वेगळा आहे. कोण कधी निवृत्त होणार हे ज्या दिवशी तो रुजू होतो त्याच दिवशी सेवापुस्तकात लिहिलेलं असतं. तीस वर्षं आधी कळलेली तारीख उजाडते तेव्हा कार्यालयाला धक्का कसा बसतो? निवृत्तीचा आदेश आणि नव्या नेमणुकीचा आदेश एकाच दिवशी निघायला हवेत. जिथे ते जमत नाही, तिथे वयस्काला ‘तरुणांसाठी ऊठ’ सांगायचा अधिकार सरकारला राहत नाही, कारण तो उठतो आणि जागा तरुणाला न मिळता रिकामी राहते.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. १ नोव्हेंबर २००५ पासून लागलेल्या बहुतेकांना जुनं पेन्शन नाही. मार्च २०२३ चा सरकारी कर्मचाऱ्यांचा संप त्यासाठीच होता. उशिरा नोकरीला लागलेला, थोडीच सेवा झालेला माणूस अठ्ठावन्नाला घाबरून दोन वर्षं मागत असेल, तर त्याला लोभी म्हणू नये. त्याच्या म्हातारपणाची तजवीज करणं हा वेगळा हिशेब आहे, आणि तो सरकारने चुकता करावा. बेरोजगार पोरांच्या वयातून तो वळता करून घेऊ नये.

अनुभवाचं काय, असं विचारणाऱ्यांना मी कणकवलीच्या पटवर्धन चौकात उभं करीन. अप्पासाहेब पटवर्धनांनी वागद्याला गोपुरी आश्रम उभा केला तो १९४८ मध्ये. जन्म १८९४ चा, म्हणजे तेव्हा वय चोपन्नाच्या घरात. केंद्र सरकारी नोकरीत त्या काळी पंचावन्नाला निवृत्त करत. ज्या वयात इतरांच्या हातात पानसुपारी पडायची, त्या वयात या माणसाने मेलेल्या जनावरांची कातडी, शेणखत, संडास असली कामं चालवली, आणि १९७१ मध्ये जाईपर्यंत सोडली नाहीत. पदाशिवाय, पगाराशिवाय. गावाला गुरुजींचा अनुभव हवाच आहे. संध्याकाळी पडवीत चार पोरांना पाढे शिकवायला, ग्रामसभेत उभं राहून दाखल्यांचा घोळ सोडवायला, नव्या बाईंना व्हाळ कुठून ओलांडायचा ते दाखवायला. त्यासाठी हजेरीपटावर सही लागत नाही.

समारंभ संपल्यावर गुरुजींनी कपाटाच्या किल्ल्या काढल्या. घ्यायला कुणी नव्हतं. केंद्रप्रमुख म्हणाले, शाळा सुरू झाली की शेजारच्या वाडीतल्या बाईंना कामगिरीवर काढू, तोवर माझ्याकडे राहू देत. गुरुजींनी एकेक किल्लीला सुतळीने कागदाची चिठ्ठी बांधली होती: दप्तर, खिचडीचा तांदूळ, प्रयोगपेटी. त्या चिठ्ठ्या वाचत केंद्रप्रमुख थोडा वेळ तसेच उभे राहिले.

ती मुलगी खुर्च्या आत नेऊन ठेवत होती. एसटीला अजून वेळ होता म्हणून मी विचारलं, कणकवलीत काय करतेस? कपड्याच्या दुकानात, म्हणाली. रात्री चाचणीचा अभ्यास. खुल्या गटातून अर्ज भरते. वय विचारलं तेव्हा तिने आधी अंगणाकडे पाहिलं.

छत्तीस.