बोलता यावं, गाता येऊ नये

व्यायामाचं माप डॉक्टरांनी सांगितलं ते असं : चालताना बोलता आलं पाहिजे, पण गाता येऊ नये. इतर गावांत हे माप चालत असेल. पेणच्या माणसाचं बोलणं धाप लागून थांबल्याचं माझ्या तरी पाहण्यात नाही.

दुखणं एट्रियल फिब्रिलेशनचं. म्हणजे हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांनी धड आकसायचं सोडून नुसतं थरथरायचं आणि खालच्यांनी त्या गोंधळात मिळेल तो इशारा पकडून वेडंवाकडं धावायचं. जांघेतल्या शिरेतून बारीक नळी थेट हृदयात नेऊन, भलत्या ठिकाणाहून उठणाऱ्या इशाऱ्यांची वाट डाग देऊन बंद केली. आमची आजी पोटदुखीवर बिब्ब्याचा डाग द्यायची. हा त्याचाच वातानुकूलित अवतार. डाग भरून येईपर्यंत, म्हणजे पहिले तीन महिने, ठोके चुकले तरी उपचार नापास धरत नाहीत. शाळेत ही सवलत असती तर माझं गणित सुधारलं असतं.

मुलाने मनगटी घड्याळ पाठवलं. 220 मधून वय वजा करा, तो तुमच्या ठोक्यांचा कमाल आकडा, असा त्यातला हिशोब. माझ्या 61 वर्षांना 159. पण मी घेतो ती गोळी ठोक्यांना वर चढूच देत नाही. त्यामुळे मी घामाघूम होऊन चाललो तरी घड्याळाच्या मते मी आडवा पडलेलो असतो. म्हणून पुन्हा ते बोलण्याचंच माप.

पण चालू देतात कुठे? दर कोपऱ्यावर कोणीतरी ‘आता कसं वाटतंय?’ म्हणून अडवतो आणि स्वतःचं पित्त सांगून सोडतो. एका निवृत्त गुरुजींनी तर विनोबाच काढले. ‘गागोद्याचे. आपल्याच तालुक्यातले. 1951 साली भूदानाला निघाले ते तेरा वर्षं देशभर चालले. आणि तू रिक्षा शोधतोयस!’ मी रिक्षा सोडली. गुरुजी तिच्यात बसून गेले.

कुंभार आळीत तरी वेग येईल म्हणून तिकडे वळलो. गणपतीचे दिवस जवळ आलेले. कारखान्यात एक पोरगा गणपतीचे डोळे आखत होता. करंगळी मूर्तीच्या गालाजवळ टेकवलेली, कुंचल्याच्या टोकाला चारच केस, श्वास रोखलेला. पेणच्या मूर्तीचं नाव या आखणीवर आहे. मी दारात उभा राहून माप तपासत होतो, म्हणजे बोलत होतो. तो मान न वळवता म्हणाला, ‘काका, जरा गप्प ऱ्हावा. डोळा चाललाय.’ डॉक्टरांच्या हिशोबाने बोलणं बंद म्हणजे श्रम जास्त. मी लगेच बसून घेतलं.

दसऱ्याला रोह्याला ताईकडे गेलो. एसटीने वडखळ सोडलं आणि घड्याळ पावलं मोजायला लागलं. ज्या महामार्गाचं रुंदीकरण 2011 पासून चालू आहे, त्यावर बसल्या जागी चालणं होतं हे मला नवीन नव्हतं, घड्याळाला होतं. नागोठण्याला त्याने दिवसाचं उद्दिष्ट गाठल्याबद्दल माझं अभिनंदन केलं. शेजारच्या बाई गाढ झोपल्या होत्या. घड्याळ असतं तर त्याही पहिल्या आल्या असत्या.

दुसऱ्या दिवशी धावीर महाराजांची पालखी. पोलिसांची सलामी झाली, खालूबाजा वाजायला लागला आणि ग्रामदैवत रोहेकरांच्या भेटीला निघालं. भाऊजी म्हणाले, ‘चल बरोबर. रात्रभर चालणं आहे, पण धाप लागायची नाही.’ खरंच लागली नाही. पालखी दारोदार थांबते, आरती होते, कोणी नारळ देतं, कोणी पाणी. दोन-चार दारांनंतर माझ्या लक्षात आलं की आपण आरती खणखणीत म्हणतोय. म्हणजे गाता येतंय. म्हणजे वेग कमी पडतोय. मी ही अडचण भाऊजींच्या कानात ओरडून सांगितली.

त्यांनी पालखीकडे हात केला. ‘मग जा पुढे आणि सांग महाराजांना, जरा भरभर चला म्हणावं. आमच्या मेहुण्याचा व्यायाम राहतोय.’