वजन वाढवा: संभाजीनगरी पद्धत

छत्रपती संभाजीनगरात वजन वाढवू इच्छिणाऱ्याला फारसे कष्ट पडत नाहीत. निम्मे काम शहरच परस्पर उरकते.

साधकाने श्रीगणेशा नान खलियाने करावा. १३२७ च्या सुमारास महंमद तुघलकाने राजधानी दिल्लीहून दौलताबादला हलवली, तेव्हा लष्करासोबत हा पदार्थ इकडे आला, असे सांगतात. मटणाचा तर्रीदार रस्सा आणि भट्टीतला पिवळसर नान हे जेवण हजारभर किलोमीटरची मजल मारून आलेल्या शिपायाला शोभत होते. साधकाने यातली मजल तेवढी गाळावी. सिडकोतून बुढ्ढीलेनला दुचाकीवर जावे, गाडी दुकानाच्या पायरीलाच लावावी आणि परतताना उस्मानपुऱ्यात गोड पान घ्यावे. शाकाहाऱ्यांनी खट्टू होऊ नये. गुलमंडीवर इमरती आहे.

चालायची हुक्की आलीच तर जालना रोड गाठावा. तिथे एकदा पायी रस्ता ओलांडलेला माणूस दुसऱ्या दिवशी निमूटपणे गाडी काढतो. मे महिन्यात पारा चाळिशीपार गेला की हिमायतबागेतली फेरीही बिनदिक्कत रद्द करता येते. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे व्यायाम सांगते. तेवढी मिनिटे पार्किंग शोधण्यात सहज जातात, तीही बसल्या बसल्या.

नळाला पाणी येण्याचा दिवस मात्र धोक्याचा. हंडे-बादल्या उचलाव्या लागतात! मोटार बसवून घ्यावी.

आता प्रगत अभ्यासक्रम. वाळूज, चिकलठाणा किंवा शेंद्र्याच्या कारखान्यात रात्रपाळी मिळाली तर सोडू नये. शिकागोतल्या संशोधकांनी २००४ साली १२ निरोगी तरुणांना दोन रात्री जेमतेम चार-चार तास झोपू दिले. भरपूर झोपेच्या तुलनेत भूक चाळवणारे घ्रेलिन २८ टक्क्यांनी वाढले, पोट भरल्याचे कळवणारे लेप्टिन १८ टक्क्यांनी उतरले. अशा भुकेला पहाटे तीन वाजता समोर दिसतात ती चिप्सची पाकिटे, चहा आणि क्रीमची बिस्किटे. २०१९ साली अमेरिकेत २० जणांना दोन आठवडे असे कारखान्यात घडवलेले अन्न हवे तेवढे खाऊ दिले, तेव्हा ते साध्या ताज्या जेवणापेक्षा रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होते. पाळी निवडायची मुभा कामगाराला नसते, पण वजनाचा दोष मात्र त्याच्या जिभेलाच मिळतो. या गाइडच्या लेखकांना तेच सोयीचे.

प्रगती मोजायला काटा नको, शिंप्याची टेप पुरे. भारतीय पुरुषाची कंबर ९० आणि स्त्रीची ८० सेंटिमीटरच्या पुढे गेली की साधक उत्तीर्ण. पुढचे मार्गदर्शन घाटी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात मिळते. केसपेपरसाठी मात्र उभे राहावे लागते.