सुपरकारचे खेळातील स्थान : नांदेड-लातूर मार्गाच्या अनुषंगाने

ज्या वाहनाचे चालक कोट्यवधी आणि मालक मोजके, त्याला व्हिडिओ गेमच्या परिभाषेत सुपरकार म्हणतात. लातूरच्या गंजगोलाईत सोळा रस्ते एका वर्तुळाला येऊन मिळतात. तिथल्या एखाद्या दुकानात गल्ल्यामागे बसलेले पोर मोबाइलवर बुगाटी ताशी चारशेने पळवत असते. त्याच वेळी त्याचा बाप बाहेर त्याच गोलाईला स्कूटीवरून वळसा घालण्यासाठी हातगाडीवाल्याच्या विनवण्या करत असतो. वाहन चालवण्याचे कौशल्य या दोघांपैकी कोणाकडे अधिक, हा खरे तर या विषयाचा गाभा. जाणकारांचा वाद मात्र वेगळ्याच मुद्द्यावर चालतो: असल्या महागड्या परदेशी गाड्या शर्यतीच्या खेळात असाव्यात की नसाव्यात?

आक्षेप घेणारे दोन प्रकारचे असतात. पहिले पालक. त्यांच्या मते अशा गाड्या चालवून पोरे बिघडतात. या आक्षेपावर वेळ घालवण्याचे कारण नाही. लॅम्बोर्गिनीमुळे बिघडण्यासाठी आधी लॅम्बोर्गिनी लागते, आणि बिघडण्याची ज्यांना घाई असते त्यांना मोटारसायकल पुरते. दुसरा आक्षेप खेळणाऱ्यांचाच आहे आणि तो वजनदार आहे. प्रत्येकाला पहिल्या दिवसापासून जगातली सर्वांत वेगवान गाडी मिळाली, तर शर्यतीत उरते काय? सगळ्यांकडे तीच गाडी, तोच रंग, तोच आवाज. दहावीच्या निकालात सगळ्यांनाच नव्वदच्या वर टक्के मिळू लागल्यावर लातूर पॅटर्नवाल्यांची जी पंचाईत झाली, तीच ही.

सुपरकार खेळात आली ती चोरपावलांनी. १९८६ साली सेगा कंपनीच्या ‘आउटरन’मध्ये एक लाल, उघडी, हुबेहूब फेरारी टेस्टारोसासारखी गाडी होती, फेरारीला कोणी विचारले नव्हते. पुढच्याच वर्षी ‘टेस्ट ड्राइव्ह’ आला, त्यात लॅम्बोर्गिनी काउंटाश, टेस्टारोसा, पोर्शे ९११ टर्बो अशा पाच गाड्या नावानिशी होत्या. १९९४ च्या ‘नीड फॉर स्पीड’ने तर ‘रोड अँड ट्रॅक’ या अमेरिकी मासिकाला हाताशी धरून हा सगळा प्रकार अभ्यासाच्या पातळीवर नेला.

मराठवाड्यात हा इतिहास क्रमाने पोचला नाही. तो कॉम्प्युटर क्लासमधून आला. २००१ मध्ये एमएस-सीआयटी सुरू झाली आणि तालुक्या-तालुक्याला क्लास निघाले. तिथे एक्सेलची खिडकी उघडी ठेवून तिच्यामागे ‘रोड रॅश’ चालवण्याची विद्या एका पिढीने स्वकष्टाने मिळवली. त्या खेळात सुपरकार नव्हतीच. काल्पनिक नावांच्या मोटारसायकली होत्या. शेजारून जाणाऱ्याला लाथ मारता येई, साखळी हिसकावून ती त्याच्याच पाठीत घालता येई आणि मागून पोलीस येत. महागड्या गाडीवाचून खेळाचे काही अडत नाही, याचा याहून भक्कम पुरावा अद्याप कोणी दिलेला नाही.

गाडी खरी आणि नाव खरे, की लगेच परवान्याची भानगड येते. कंपन्या आपली गाडी खेळात देतात ती मुलीला सासरी पाठवावे तशी, अटी घालून. पोर्शेने एकाच कंपनीशी करार केला, तो सुमारे २००० ते २०१६ इतका टिकला. त्या काळात ‘ग्रान टुरिस्मो’सारख्या नामांकित खेळात पोर्शे नव्हती, तिच्या जागी रूफ या जर्मन कारखान्याच्या गाड्या होत्या. दिसायला पोर्शे, कागदोपत्री रूफ. आपली गाडी चेंदामेंदा झालेली दिसावी हेही कंपन्यांना रुचत नाही. ‘ग्रान टुरिस्मो’मध्ये गाडीला नुकसान दाखवायला २०१० उजाडावे लागले, तोवर ताशी अडीचशेने भिंतीवर आदळलेली फेरारी ओरखडाही न पडता परत फिरत असे. ज्यांना मनसोक्त आदळाआपट हवी होती, त्या ‘बर्नआउट’वाल्यांनी सरळ काल्पनिक गाड्या काढल्या. एवढे करूनही खेळातल्या गाडीला विमा लागत नाही, आणि विमा नसल्यामुळे दावा नाकारला जाण्याचा अनुभवही मिळत नाही. शैक्षणिक दृष्ट्या ही मोठीच उणीव आहे.

सुपरकारच्या विरोधात खरी साक्ष ‘ग्रान टुरिस्मो’नेच दिली. काझुनोरी यामाउची यांचा हा खेळ १९९७ च्या डिसेंबरात जपानमध्ये आला. सुरुवातीला खेळणाऱ्याच्या हाती तुटपुंजे पैसे, त्यात येणार ती जुनी, साधी, घरगुती गाडी. मोठ्या शर्यतीत उतरायचे तर आधी परवान्याची परीक्षा द्यायची. ब्रेक ठरलेल्या चौकटीतच लागला पाहिजे, वळण ठरलेल्या वेळेतच संपले पाहिजे. परीक्षा खरोखर द्यावी लागते, हे इथल्या वाचकाला पटायला जड जाईल. आठचा आकडा न काढताही परवाना मिळण्याची जी सोय खऱ्या जगात आढळते, ती या खेळात ठेवलेली नाही. गंमत अशी, की लाखो लोकांना त्या खेळातली आठवते ती पहिली जुनी गाडी. शंभर अश्वशक्तीची गाडी वळणावर जेमतेम सावरताना हाताला जो घाम येतो, तो हजार अश्वशक्तीची गाडी सरळ रस्त्यावर सोडून दिल्याने येत नाही. वेग हा काट्यावर नसतो, गाडीच्या ऐपतीच्या टोकाला असतो.

याच मालिकेच्या २००४ मधल्या चौथ्या भागात १८८६ ची डायम्लर मोटारगाडीही होती. एक अश्वशक्तीच्या आसपासचे इंजिन, ताशी सोळा किलोमीटरचा वेग. देवणीची किंवा लाल कंधारीची तालमीतली जोडी तिला शंकरपटात पहिल्या काही ढांगांतच मागे टाकील. देवणी ही लातूर जिल्ह्याची आणि लाल कंधारी ही नांदेड जिल्ह्यातल्या कंधारची देण, दोन्ही नोंदणीकृत जाती. पण जपानी खेळात १८८६ च्या डब्याला जागा मिळाली, बैलांना नाही. अर्थात बैलांना खऱ्या धावपट्टीवरही सहज जागा मिळाली नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी शर्यती थांबवल्या, १६ डिसेंबर २०२१ रोजी महाराष्ट्राला सशर्त मोकळीक दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने शर्यतींना परवानगी देणारा राज्याचा कायदा ग्राह्य धरला. एवढी न्यायालयीन कारकीर्द कोणत्याही फेरारीच्या वाट्याला आलेली नाही.

आता स्थानिक लागूपणाचा विचार. लॅम्बोर्गिनी हुराकानच्या पोटाखाली सव्वाशे मिलिमीटरच्या आसपास मोकळी जागा असते, म्हणजे पाच इंच. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकानुसार गोलाकार गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा. कागदावर हिशोब मांडला तर असा गतिरोधक ही गाडी पोट न घासता ओलांडते, कारण तेवढ्या रुंदीत चढ अगदी मंद होतो. म्हणजे दोष ना गाडीत, ना मानकात. अडचण फक्त अशा ठिकाणी येते, जिथे अपघात झाल्यावर गावकऱ्यांनी ट्रॉलीभर मुरूम आणि पिंपभर डांबर आणून रातोरात गतिरोधक घातलेला असतो. त्याची रुंदी एका फावड्याची आणि उंची संतापाच्या प्रमाणात असते. तिथे हुराकान आडवी होऊन, नाकाचा भाग वर उचलण्याचे बटण दाबूनही, पुढे जाणार नाही. तिला मागून ढकलायला ट्रॅक्टरच लागेल.

आणि ट्रॅक्टरपाशी आल्यावर विषयाला खरा रंग चढतो. फेरुचो लॅम्बोर्गिनी यांनी १९४८ मध्ये कारखाना काढला तो ट्रॅक्टरचा. मोटारी नंतर, १९६३ मध्ये. स्वतःच्या फेरारीच्या क्लचबद्दल तक्रार घेऊन ते गेले आणि तुम्ही ट्रॅक्टरच सांभाळा, असे त्यांना ऐकवले गेले, अशी आख्यायिका सांगतात. ती खरी नसली तरी उदगीरच्या कोणत्याही पारावर खपेल अशी आहे. म्हणजे पोरांच्या मोबाइलवरची ती पिवळी, चपटी, आठशे-नऊशे घोड्यांची गाडी जातीने शेतकऱ्याची. दुसरे उदाहरण घरचेच. ‘अस्फाल्ट’सारख्या मोबाइल खेळात पिनिनफारिना बटिस्टा नावाची विजेरी गाडी आहे, ताकद सुमारे १९०० अश्वशक्ती, फक्त १५० नग काढायचे ठरलेले. ती काढणारी कंपनी महिंद्राच्या मालकीची. गावातल्या महिंद्रा ५७५ ट्रॅक्टरची ताकद पंचेचाळीस-सत्तेचाळीस अश्वशक्ती धरली, तर एक बटिस्टा म्हणजे चाळीस ट्रॅक्टर. त्या चाळिसांना जुंपून एका दिवसात गावाची नांगरट उरकेल. बटिस्टा दोन सेकंदांच्या आत शंभराचा वेग घेईल आणि तिसऱ्या सेकंदाला समोर सोयाबीन वाळत घातलेले असेल.

तर लॅम्बोर्गिनी आणि महिंद्रा, दोन्ही ट्रॅक्टरवाले. शर्यतीच्या खेळाने त्यांची लाडावलेली पोरगी घरात घेतली आणि बापाला बाहेर उभे केले. बापाला ‘फार्मिंग सिम्युलेटर’ नावाच्या वेगळ्या खेळात पाठवण्यात आले. तिथे लॅम्बोर्गिनीचे ट्रॅक्टरही येऊन गेले. हीच वाटणी बँकेच्या खिडकीवरही दिसते. ऑक्टोबर २०१० मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत एका गटाने एकाच दिवशी सुमारे ६५ कोटी रुपयांच्या १५० मर्सिडीज घेतल्या. सगळ्या देशाला मराठवाडा अचानक श्रीमंत वाटला. पत्रकार पी. साईनाथ यांनी तेव्हा दाखवून दिले, की त्या मोटारींना बँकेचे कर्ज ७ टक्के व्याजाने मिळाले आणि ट्रॅक्टरला लागणारा दर त्याहून बराच चढा होता. मर्सिडीज सुपरकार नव्हे, असे कोणी म्हणेल. म्हणू द्यावे. ७ टक्क्यांनी मिळणारी कोणतीही गाडी मराठवाड्यात सुपरच असते.

बापाला परत घरात घेण्याचे काम शेवटी एका देशी मोबाइल खेळाने केले. ‘इंडियन बाइक्स ड्रायव्हिंग थ्रीडी’ हे त्याचे नाव; चित्रे खडबडीत, माणसे चालताना लाकडाची वाटतात. पण त्यात रस्त्यावर दिसतात तशा मोटारसायकली, थार, स्कॉर्पिओ, ट्रॅक्टर यांच्यासोबत बुगाटीही उभी असते. खेळातल्या फोनवर चार आकडे फिरवले की हवे ते वाहन समोर हजर. कोटेशन नाही, जामीनदार नाही, सातबारा नाही. अहमदपूरच्या मुलाला इथे सगळे उपलब्ध असताना तो बहुधा आधी बुगाटी मागवतो, तिच्याभोवती एक फेरी मारतो, दोनदा ठोकतो आणि मग थार मागवून तिच्यातच दिवसभर हिंडतो. कारण तिच्याबद्दल त्याची काही मते असतात: सस्पेन्शन असे हवे, टायर तसे हवेत, नंबर ४१४१ हवा म्हणजे पाटीवर ‘दादा’ वाचता येतो. बुगाटीबद्दल मत बनवायला लागणारी माहितीच त्याच्याकडे नसते, आणि तिला आपल्या जिल्ह्याची पाटी लावली तरी ती पाहुणीच दिसते.

याच निरीक्षणावरून नांदेड-लातूर मार्गाचा खेळ कसा असावा, याचा आराखडा मांडता येतो. नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर, अष्टामोड, लातूर. काळ नोव्हेंबर ते मार्च, म्हणजे कारखान्यांच्या गाळपाचा हंगाम. पहिल्या पातळीत खेळणाऱ्याला टमटम मिळेल. तिच्यात चालकाच्या दोन्ही बाजूंना माणसे बसवूनही हँडल वळवता आले पाहिजे. दुसऱ्या पातळीत छोटा हत्ती. तिसऱ्यात लालपरी, हात दाखवेल तिथे थांबवायची आणि तरी वेळ गाठायची. सर्वांत अवघड पातळी रात्रीची: समोर दोन ट्रॉल्या जोडलेला उसाचा ट्रॅक्टर, मागे ना दिवा ना परावर्तक, टपावर भोंगा लावून मोठ्याने गाणी. त्यामुळे ट्रॅक्टर दिसण्याआधी ऐकू येतो. कान तयार असलेल्यालाच ही पातळी पार होईल. ऊस ट्रॉलीच्या दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर आलेला, म्हणून ओलांडण्याची जागा दर क्षणी बदलते. या पातळीत सुपरकार ठेवायला कोणाची हरकत नसावी. ती माळेगावच्या यात्रेत खंडोबाच्या पायाशी येणाऱ्या लाखमोलाच्या घोड्यासारखी आहे. बघायला झुंबड त्याच्याभोवती, पण दावणीला न्यायचा तो बैल. तेव्हा सुपरकार मध्येच कुठेतरी, उसाच्या ट्रॅक्टरमागे ताशी अठरा किलोमीटरने, पहिल्या गिअरमध्ये इंजिन तापवत चाललेली दाखवावी. समृद्धी महामार्गावर नेली तरी तिथे मर्यादा १२० चीच आहे.

राहता राहिला शर्यतीच्या शेवटाचा प्रश्न, आणि तोच सर्वांत बिकट. शेवटची रेषा लातुरात आखली तर नांदेडकर खेळणार नाहीत. नांदेडात आखली तर लातूर बंद. विभागीय आयुक्तालय नांदेडला देण्याचा निर्णय २००९ मध्ये झाला, लातूरने आंदोलन केले, आणि ते आयुक्तालय अजून दोन्हीकडे नाही. २०१७ मध्ये लातूर-मुंबई गाडी बिदरपर्यंत वाढवली गेली, तेव्हाही लातूरकर रुळांवर उतरले होते. दोन्ही जिल्ह्यांनी राज्याला दोन-दोन मुख्यमंत्री दिलेले असल्याने मोठेपणाच्या मुद्द्यावर निर्णय होणे शक्य नाही. तेव्हा शर्यत दोन्ही टोकांनी एकाच वेळी सुरू करावी आणि अहमदपूरला संपवावी. अंतर दोघांना साधारण सारखेच पडते, आणि तिथे चहा बरा मिळतो.