वैशाखातल्या सूर्यनारायणास जाहीर निमंत्रण

श्री. रा. रा. सूर्यनारायण,
मुक्काम : डोक्यावर.

हिमायतनगरच्या समस्त सुधारलेल्या घरमालकांचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

पत्रास कारण की, या गावात आजवर तुमचा फार अपमान झाला. गावाचं नाव वाढोणा होतं तेव्हापासून तुम्ही दर वैशाखात आमच्या वाड्यांवर चालून आलात आणि दर वेळी खिडकीनं तुम्हाला बाहेरच्या बाहेर परतवलं. दोन हात जाडीची दगड-मातीची भिंत, तिच्यात खोल बसवलेली सागवानी चौकट, लोखंडी गज आणि खाली-वर झडपा. सकाळचे दहा वाजले की घरातली म्हातारी खालच्या झडपा लावून कडी घालायची, वरची एक किलकिली ठेवायची. दिवस मावळला की सगळ्या सताड उघड्या. रात्रीच्या वाऱ्याला मुक्तद्वार आणि तुम्हाला मज्जाव! हा पंक्तिप्रपंच आम्ही आता बंद केला आहे.

जुन्या खिडक्या काढून भंगारात दिल्या आणि त्यांच्या जागी अ‍ॅल्युमिनियमच्या स्लायडिंग बसवल्या. तुमच्या सोयीत काही कमी ठेवलेलं नाही. काच साधी, एकेरी; बहुतेक ऊन ती विनातक्रार आत घेते आणि तापलेल्या फरशीची धग मात्र सहजासहजी बाहेर सोडत नाही. चौकटीचा धातू लाकडाच्या सुमारे हजारपट उष्णता वाहून नेतो. वाऱ्यानं तुमच्या कामात ढवळाढवळ करू नये म्हणून ही खिडकी निम्म्याहून जास्त उघडतच नाही. वर छज्जा काढायचा होता, पण तेवढे पैसे पीओपीत गेले.

एका म्हाताऱ्या सुतारानं मोडता घालून पाहिला. म्हणाला, "मालक, साग चांगलं हाय. चौकट सडली न्हाई, निस्ती खिळखिळी झालीय. नव्या बिजागऱ्या बसवूत, फटीला रबरी पट्टी मारूत, आतल्या अंगानं काचेच्या झडपा लावूत. बाहेरून वाळ्याचा पडदा सोडा. उजेड बी येतो अन् एसीची हवा बी जात न्हाई." आम्ही त्याला चहा पाजला आणि दुसऱ्याच दिवशी काचवाल्याला विसार दिला.

राहता राहिला एसी. २०२० पासून नवा एसी सुरू होताना २४ अंशांवर असावा, असा सरकारी नियम आहे. आम्ही तो १८ वर आणून ठेवतो. तापमान एका अंशानं वाढवलं तर सुमारे ६ टक्के वीज वाचते, असं ऊर्जा दक्षता ब्युरो सांगतं. पण पाहुण्याच्या सरबराईत हिशेब बघणारी माणसं आम्ही नव्हे. शिवाय भर दुपारी लाईट गेली की घर सर्वस्वी तुमचंच.

तेव्हा निःसंकोच या. लोभ आहेच, तो थोडा कमी झाला तरी चालेल.

आपले,
समस्त घामाघूम घरमालक

ता. क. : एवढा मजकूर सूर्यनारायणास वाचून दाखवू नये. ज्यांच्या घरी सागवानी खिडक्या अजून शाबूत आहेत, त्यांनी भंगारवाल्याच्या आधी सुतार बोलवावा. फटी बुजवता येतात, बिजागऱ्या बदलता येतात, आतून काचही लावता येते. स्लायडिंग खिडकी पुढच्या वर्षीही मिळेल. तसलं जुनं, पिकलेलं सागवान मात्र आज पैसे मोजूनही सहज मिळत नाही.