विंटेजवीर

दोन दिवसांसाठी मुंबईला आलेला विंटेजवीर गेटवेला फिरकत नाही, थेट मटण स्ट्रीटवरच्या चोरबाजारात शिरतो. लोक त्याला भोळा समजतात, हा त्याच्यावर अन्याय आहे. कर्णा जुनाट दिसणाऱ्या ग्रामोफोनची पेटी कालपरवाचीच आहे, हे त्यालाही दुकानदाराइतकंच ठाऊक असतं. तरी तो पेटीवर टिचकी मारतो, 'ओरिजिनल ना?' म्हणून विचारतो, आकडा ऐकून तरातरा निघून जातो आणि तीन दुकानं ओलांडून परत फिरतो. कारण वस्तू हे निमित्त. त्याला हवी असते घासाघीस. छापील किमतींनी त्याची ही हौस मारून टाकली आहे. पुरावाच हवा तर पाहा, सत्तरच्या दशकातलं जाकीट बुटीकमध्ये किमतीची चिठ्ठी लावून टांगलेलं असलं, तर तो त्याला हातही लावत नाही. एका कढईसाठी बोहारणीशी तासभर हुज्जत घालणाऱ्या घराण्याचं रक्त आहे ते!

मग मंडईत भाजीवाल्याशी का वाद घालत नाही, असं कोणी विचारेल. तर मेथीच्या जुडीचा भाव सगळ्या आळीला माहीत असतो. फसलात तर शेजारीण संध्याकाळच्या आत ते सिद्ध करून दाखवते. इराणी हॉटेलातून निघालेल्या खुर्चीला ठरलेला भावच नसतो, त्यामुळे इथे हरलेला माणूसही जिंकून घरी येतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: जुना साग प्लायवुडपेक्षा खरंच टिकतो. कबूल. पण टिकाऊपणाच हवा असता तर जोगेश्वरीच्या ओशिवरा बाजारात तो नव्या लाकडाला घासूनपुसून आणलेल्या म्हातारपणापुढे इतका वेळ रेंगाळला नसता. शिवाय 1972 च्या कायद्याने 100 वर्षांची कलावस्तू पुरावशेष ठरते आणि तिच्या धंद्याला परवाना लागतो. म्हणूनच की काय, त्याला दाखवलेली प्रत्येक वस्तू नव्वदीच्या आसपास घुटमळत असते. त्याचीही तक्रार नसते.

घरी आल्यावर तो खुर्चीच्या लाकडाबद्दल चकार शब्द काढत नाही. 'अठरा हजार सांगत होता, सहाला आणली,' एवढंच प्रत्येक पाहुण्याला ऐकवतो. वेताची बैठक फाटलेली असल्याने पाहुणा उभ्यानेच ऐकतो. टेम्पोचं भाडं या सहा हजारांत धरायचं नसतं.