खुळ्या पोराची बाजू

अंबड-घनसावंगीकडचा एखादा पोरगा पायथन शिकायला बसला की उदाहरण घरचंच घेतो: मोंढ्यावर गेलेल्या मोसंबीचं वजन. वर लिहितो, एकूण = 0. खाली वजन_घाल नावाचं फंक्शन करतो आणि आत लिहितो, एकूण = एकूण + वजन. (पायथन ३ ला देवनागरी नावं चालतात, ती जरूर वापरावीत.) प्रोग्रॅम चालवतो, तर अनबाउंडलोकलएरर! एकूण हे नाव दोन ओळी वर ढळढळीत दिसतंय, तरी यंत्र म्हणतं, याला अजून किंमतच नाही. पोरगा चिडतो, शेजारचे त्याला खुळ्यात काढतात. हा खुळेपणा मला फार मोलाचा वाटतो.

कारण त्याची चीड रास्त आहे. आत नुसतं एकूण छापायला सांगितलं असतं, तर बाहेरचं शून्य बिनतक्रार मिळालं असतं. पण फंक्शनमध्ये कुठेही, अगदी शेवटच्या ओळीत का होईना, नावाला किंमत दिली की पायथन ते नाव फंक्शनभर आतलंच धरतो. मग बरोबरच्या चिन्हाच्या उजवीकडचं एकूणही आतलंच, आणि त्यात अजून काही भरलेलं नाही. आपटल्याशिवाय हे कुणाला सुचेल? भाषा घडवणाऱ्यांनाही वेळ लागलाच. फंक्शनातल्या फंक्शनला बाहेरच्या फंक्शनची नावं दिसू लागली ती २००१ साली, पायथनच्या २.१ आवृत्तीत, तीही मुद्दाम मागितली तर. ती नावं बदलायची सोय, म्हणजे नॉनलोकल, २००८ मध्ये आली. जावास्क्रिप्टला महिरपी कंसापुरतं नाव ठेवणारं लेट मिळायला २०१५ उजाडलं.

हुशार पोरगा ग्लोबल एकूण, म्हणजे बाहेरचंच एकूण घे, अशी ओळ टाकून मोकळा होतो. पहिल्या शेतकऱ्याची काटापट्टी बरोबर निघते. दुसऱ्याचा माल काट्यावर आला की पहिल्याचं वजन त्यात मिसळून येतं, आणि चूक कुठे आहे ते सापडत नाही, कारण यंत्राने तक्रारच केलेली नसते.

खुळा मात्र 'का?' विचारत बसतो. मग एकूण आणि वजन दोन्ही कंसातून आत देतो, बेरीज रिटर्न करतो, आणि बाहेर तरीही शून्यच! परत आलेला आकडा त्याने कशात धरलेलाच नाही. शिकवणाऱ्यांनो, इथे पटकन उत्तर सांगू नका. थोडा वेळ द्या; एकूण = वजन_घाल(एकूण, वजन) ही ओळ त्याची त्यालाच लिहू द्या.