फाइल वर गेली आहे

नारायण पेठेत माणसाची ओळख दोन प्रश्नांत उरकते. पहिला, ‘कुठे असता?’ आणि त्याचं उत्तर पुरतं तोंडाबाहेर पडायच्या आत दुसरा, ‘परमनंट ना?’ पहिल्याचं उत्तर मी झोकात देतो, कारण कार्यालयाचं नाव भारदस्त आहे (ते इथे सांगत नाही, अजून थोडी आशा आहे). दुसऱ्या प्रश्नाला मला खोकला येतो. म्हणजे असं, की मी त्या कार्यालयात बसतो, तिथल्या टेबलावर काम करतो, तिथल्या साहेबांची बोलणी खातो, पण तिथला नाही. माझा पगार एक एजन्सी करते आणि टेंडर निघालं की तीही बदलते. एक एजन्सी जाते, दुसरी येते. खुर्ची तीच, पंखा तोच आणि पंख्याखालचा मीही तोच. एवढी वर्षं हंगामी राहायलाही चिकाटी लागते.

ही चिकाटी मला आमच्या परिसरानेच शिकवली. पेठेच्या टोकाला लकडी पूल आहे. पानिपतानंतर लाकडाचा बांधला, म्हणून लकडी. पुढे लाकूड गेलं, दगड आला, पाटीवर संभाजी पूल असं नाव आलं, पण रिक्षावाल्याला विचारा, तो अजून लकडी पुलावरूनच जातो. जिथे लाकूड जाऊनही लकडी टिकते, तिथे मी नुसता चिकटून बसलो तर आज ना उद्या कायम होईनच, असं मला मनापासून वाटत आलं आहे. यात पुलाचा काही दोष नाही.

आता ही आशा लावली कुणी, म्हणाल तर कुणीच नाही. साहेब एवढंच म्हणतात, ‘तुमची फाइल वर गेली आहे.’ वर म्हणजे कुठे, हे मी विचारत नाही, कारण आमच्या इमारतीला वर फक्त गच्ची आहे. बाकीचे शकुन मी स्वतःच काढतो. साहेबांनी चहा सांगताना माझा एक जास्त धरला, की त्या रात्री मला झोप लागत नाही. कायम लोकांच्या गळ्यात निळी फीत असते, आमच्या पिवळी; एकदा नव्या फिती आल्या त्यात पिवळा जरा हिरवट वाटला, तर ‘निळ्याकडे झुकतोय’ असं मी घरी सांगितलं. दिवाळीत कायम लोकांना बोनस मिळतो आणि नव्या वर्षाची सोनेरी अक्षरांची डायरी. मलाही डायरी मिळाली. गेल्या वर्षीची. तारखेपुढचा वार तेवढा खोडून लिहायचा.

मग मी ठरवलं की आपल्यावाचून कार्यालयाचं पान हलता कामा नये. प्रिंटर कुठल्या बाजूला थोपटला की कागद सोडतो, कुठलं कपाट गुडघ्याने उघडतं, साहेबांचा पासवर्ड काय आणि तो त्यांना कोणत्या वारी आठवत नाही, हे सगळं मी आत्मसात केलं, इतकं की भरतीची जाहिरात निघाली तेव्हा परीक्षेच्या दिवशी मला रजा मिळेना. तुम्ही गेलात तर इथलं बघणार कोण, म्हणाले. त्या परीक्षेतून एक चुणचुणीत मुलगा कायम होऊन आला. त्याला काम शिकवायची जबाबदारी अर्थातच माझ्यावर आली आणि मीही जीव ओतून, प्रिंटर थोपटण्यासकट, सगळं शिकवलं. आता माझ्या रजेच्या अर्जावर तो सही करतो.

आमच्यासारख्यांना दर अकरा महिन्यांनी ‘तांत्रिक खंड’ देतात. त्या दिवशी मी कागदोपत्री बेकार असतो, म्हणजे घरच्या कामाला मोकळा. असाच एका खंडाच्या दिवशी गहू घेऊन गिरणीत रांगेत उभा होतो. माझा नंबर आला आणि नेमका साहेबांचा फोन वाजला. ऑडिटवाले समोर बसलेत, ती हिरवी फाइल कुठेय? गिरणीच्या घरघरीत मी जीव खाऊन ओरडत होतो, ‘खालच्या कप्प्यात! जाड! जाडच आहे ती! अहो, एकदम जाड!’ साहेबांना फाइल सापडली नाही. गिरणीवाल्याला मात्र माझं म्हणणं बरोबर कळलं, आणि आमच्या घरी पुढचा आठवडाभर लापशी झाली.

प्रॉव्हिडंट फंडाची गंमत आणखी वेगळी. कायद्याने माणसाचा एकच यूएएन नंबर असायचा आणि नोकरी बदलली तरी तोच पुढे चालायचा, पण प्रत्येक नव्या एजन्सीने मला नव्या उत्साहाने नवा जन्म दिला. एकीने आडनावातलं एक अक्षर खाल्लं, दुसरीने वडिलांच्या जागी माझं आणि माझ्या जागी वडिलांचं नाव घातलं, आणि तिसरीने जन्मतारखेच्या रकान्यात रुजू झाल्याची तारीख टाकली. त्या खात्यानुसार मी पहिल्याच दिवशी टॅहँ करत टेबलावर बसलो. निवृत्तीला साठ वर्षं आहेत म्हणायची.

त्यातच सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने नऊ एजन्सींमार्फत मनुष्यबळ घ्यायचा निर्णय काढला, राज्यभर मुलं रस्त्यावर उतरली, आणि २० ऑक्टोबरला तेव्हाचे उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी तो निर्णय रद्द केल्याचं जाहीर केलं. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात ‘कंत्राटी भरती रद्द’ असा ठसठशीत मथळा. वाड्यात दोघांनी माझं अभिनंदन केलं, एकाने सांत्वन केलं. बायकोने चहाचा कप पुढे ठेवत सरळ विचारलं, ‘म्हणजे आता तुम्ही कायम, की तुम्हीच रद्द?’ मी बातमी पुन्हा वाचली. माझ्या कार्यालयाचा त्या निर्णयाशी काही संबंधच नव्हता. मी जिथे होतो तिथेच होतो.

आणि मग तो दिवस आला. साहेबांनी केबिनमध्ये बोलावून चार फोटो, रक्तगट, आधारची प्रत मागितली आणि शेवटी, अगदी सहज, म्हणाले, ‘शर्टाचा साइज काय तुमचा?’ आता तुम्हीच सांगा, हंगामी माणसाच्या शर्टाचा साइज कुणाला कशाला हवा? आमच्याकडे कायम लोकांना वर्षाला दोन गणवेश मिळतात. मी ‘बेचाळीस’ म्हणालो तेव्हा माझा आवाज फुटला. संध्याकाळी लक्ष्मी रोडवरून घरी येताना एक किलो पेढे घेतले, केळकर रस्त्यावर गाडी थांबवून पत्र्या मारुतीला नारळ फोडला, वाड्यात तळमजल्यापासून माडीपर्यंत पेढे वाटले, सासूबाईंना फोन केला (त्यांनी या बातमीसाठी राखून ठेवलेली सत्यनारायणाची तारीखही लगेच सांगितली), आणि रात्री भावाला म्हटलं, फ्लॅटचं बघू आता, कर्ज होईल.

तळमजल्यावर एक काका राहतात. उभं आयुष्य कामगार संघटनेत गेलेलं. त्यांनी दोन पेढे शांतपणे संपवले, बोटं धोतराला पुसली आणि विचारलं, ‘ऑर्डर कुठाय?’

‘ऑर्डर नाही, पण शर्टाचा साइज घेतलाय,’ मी म्हणालो. काकांनी तिसरा पेढा घेतला.

चौथ्या दिवशी खोकी आली. आत नव्या एजन्सीचे टी-शर्ट होते, पिवळे. छातीवर एजन्सीचं बोधचिन्ह, पाठीवर तिचा फोन नंबर. बेचाळीस संपला होता म्हणून मला चव्वेचाळीस मिळाला. तो घालून मी ज्या वाड्यात पेढे वाटले होते त्याच वाड्यात, त्याच जिन्याने, पाठ भिंतीकडे करून चढलो.

त्या रात्री काकांनी माझी शिकवणी घेतली. मी म्हटलं, ‘काका, पण २४० दिवस भरले की माणूस कायम होतो ना?’ हा आकडा महाराष्ट्रातल्या प्रत्येक हंगामी माणसाला पाढ्यासारखा पाठ असतो, मलाही आहे. आमच्या कालनिर्णयवर मी हजेरीच्या दिवशी फुली मारायचो, फक्त त्याच कालनिर्णयवर बायको दुधाच्या खाड्याची फुली मारते हे मला माहीत नव्हतं, आणि महिनाअखेरीला दूधवाल्याशी तिचं जे झालं त्याबद्दल तो बिचारा अजून माझ्याकडे बघत नाही. काका म्हणाले, ‘२४० खरे. पण कुणाकडे? ज्याचा तू नोकर, त्याच्याकडे. कागदावर तुझा मालक एजन्सी.’ म्हणून मी दुसऱ्या दिवशी जुन्या एजन्सीच्या पत्त्यावर गेलो, म्हटलं निदान तिथे तरी कायम करून घ्यावं. दाराला कुलूप. शेजारचा झेरॉक्सवाला म्हणाला, ‘ते गेले की. जागा अकरा महिन्यांच्या करारावर होती.’

एजन्सीच हंगामी निघाली.

काकांच्या तोंडून कायदा ऐकणं म्हणजे मला माझीच पत्रिका ऐकल्यासारखं झालं. कंत्राटी कामगारांचा कायदा १९७० चा. एअर इंडियाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणालं होतं, की एखाद्या कामातली कंत्राटी पद्धत सरकारने बंद केली की तिथले कामगार आपोआप मूळ मालकाचे. पण २००१ साली ‘सेल’ या सरकारी पोलाद कंपनीच्या खटल्यात पाच न्यायमूर्तींनी ते फिरवलं: आपोआप काही नाही, कंत्राट नुसतं दाखवायला आहे, खरा मालक दुसराच आहे, हे आधी सिद्ध करा. पुढे २००६ च्या उमादेवी निकालाने सरकारी नोकरीतला मागचा दरवाजाही लावून घेतला. ‘आणि डिसेंबर २०२४ मध्ये,’ काका परवाच सांगत होते, ‘जग्गो नावाच्या एका सफाई करणाऱ्या बाईच्या खटल्यात त्याच कोर्टाने सरकारला सुनावलं, की वर्षानुवर्षं कायम स्वरूपाचं काम करून घ्यायचं आणि माणसाला हंगामी म्हणायचं, हे चालणार नाही.’

‘म्हणजे कुणीच कंत्राटी कधी कायम होत नाही असं नाही?’ मी विचारलं. तेव्हा काकांनी मुंबईची गोष्ट सांगितली. महापालिकेचा कचरा उचलणारे कंत्राटी कामगार. त्यांची संघटना, कचरा वाहतूक श्रमिक संघ, २००७ मध्ये लढ्यात उतरली. औद्योगिक न्यायाधिकरणाने २०१४ मध्ये कंत्राट खोटं ठरवलं, महापालिका वर गेली, आणि एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २७०० कामगारांना कायम करायचा आदेश उचलून धरला. दहा वर्षं. ‘त्यांची फाइल खरोखरच वर गेली होती,’ काका म्हणाले, ‘दिल्लीला. आणि ती त्यांनी स्वतः पाठवली होती.’

मी माझे पुरावे काढून बसलो. नेमणुकीचं पत्र नाही, कारण ‘पुढच्या आठवड्यात देतो’ म्हणाले होते. पगाराच्या पावत्या मोजक्या, त्यातल्या निम्म्या सासूबाईंनी वाणसामानाच्या याद्यांना वापरलेल्या. संघटना? आमचे सगळे हंगामी एकमेकांना बघून घेत असतात, की याची फाइल माझ्याआधी वर गेली की काय. एक मात्र भरपूर होतं: निवृत्त होणाऱ्या प्रत्येक कायम माणसाचं मानपत्र मीच लिहिलेलं, त्याच्या प्रती. काकांनी त्या वाचल्या. म्हणाले, भाषा चांगली आहे.

तर मंडळी, आता शहाणपण शिकवायचा अधिकार मला आहे असं नाही, पण या बाबतीत माझ्याइतका खर्च कुणी केला नसेल म्हणून सांगतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून जुन्या कायद्यांच्या जागी नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत आणि त्यांत प्रत्येक कामगाराला नेमणुकीचं पत्र देणं बंधनकारक आहे. ते तोंड उघडून मागा. पगाराची पावती दर महिन्याला जपा, पीएफचं पासबुक दर महिन्याला उघडून बघा, नावातलं अक्षर चुकलं असेल तर त्याच आठवड्यात दुरुस्त करून घ्या. शेजारच्या टेबलावर जो दुसरा हंगामी बसतो, तो तुमचा स्पर्धक नव्हे, साक्षीदार आहे, त्याच्याशी बोला. साहेबांच्या चहावरून काहीही ठरवू नका. आणि सही-शिक्क्याची ऑर्डर हातात पडेपर्यंत, कुणी शर्टाचा सोडा, बुटाचाही साइज विचारला तरी, पेढे आणू नका.